गोळी कोणाच्या हातून

२९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यातल्या येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात एक छोटासा समारंभ झाला. उद्घाटनाला पु. ल. देशपांडे आले होते. नव्या केंद्राचे नाव होते मुक्तांगण. आजूबाजूला वेड्यांचे इस्पितळ म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या भिंती, आणि त्यांच्या आत ब्राउन शुगरच्या, म्हणजे गर्दच्या, विळख्यात सापडलेल्या तरुण मुलांसाठी थोडी जागा. केंद्र उभे राहावे म्हणून पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये दिले होते. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले वाचून हे दांपत्य अस्वस्थ झाले होते. लिहिणारे अवचट स्वतः डॉक्टर होते, पण केंद्राची सूत्रे होती त्यांच्या पत्नीच्या हाती. डॉ. अनिता अवचट, घरच्यांच्या आणि मित्रमंडळींच्या सुनंदा, याच मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ म्हणून नोकरीला होत्या.

ऐंशीचे दशक सुरू झाले तेव्हा मुंबईच्या फूटपाथवर आणि पाठोपाठ पुण्याच्या कट्ट्यांवर ही पावडर दिसू लागली होती. १९७९ मध्ये इराणात राज्यक्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्या टापूतल्या अफूचे नेहमीचे मार्ग विस्कटले आणि मालाला भारतातून नवी वाट सापडली. परदेशी जाणाऱ्या मालातला हलका, भेसळीचा भाग इथेच पुड्यांतून विकला जाई. चांदीच्या कागदावर, म्हणजे पन्नीवर, चिमूटभर गर्द ठेवायची, खालून काडी लावायची आणि वर येणारा धूर नळीने ओढायचा. याला ‘चेसिंग’ म्हणत. वेळेवर पुडी मिळाली नाही की ‘टर्की’ लागे. नाकाडोळ्यांतून पाणी, हाडे पिळवटून निघणे, जुलाब, उलट्या, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. टर्कीच्या धास्तीने मुले घरातली भांडी विकत, आईच्या गळ्यातले उचलत. मराठीला त्या काळात ‘गर्दुल्ला’ हा शब्द मिळाला, आणि तो शिवी म्हणूनच रुळला.

सरकारचे उत्तर मुख्यतः कायद्याचे होते. अमली पदार्थविरोधी कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून देशभर लागू झाला. व्यापार करणाऱ्यांसाठी त्यात किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होती. व्यसनींच्या उपचारासाठी सरकारने केंद्रे काढावीत, अशीही तरतूद त्याच कायद्यात आहे. पण त्या केंद्रांत नेमके काय करायचे, हे कायदा सांगत नव्हता. ते डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी करून पाहायचे होते.

टर्कीवर औषध होते. वेदनाशामक, झोपेच्या गोळ्या, जुलाब-उलट्या थांबवणारी औषधे, गरज पडल्यास सलाइन. आठवडा-दहा दिवसांत शरीर सावरते, भूक लागते, चेहऱ्यावर तेज येते. आईवडिलांना वाटते, सुटला एकदाचा. मुलगा घरी जातो, संध्याकाळी त्याच कट्ट्यावर उभा राहतो आणि तीच पन्नी पुन्हा हातात येते. शरीरातून विष गेले तरी संध्याकाळचा रिकामा वेळ, मित्रांची हाक आणि घरातला अविश्वास तिथेच थांबलेले असतात. त्यामुळे मुक्तांगणचा निवासी कार्यक्रम पस्तीस दिवसांचा ठरला. सुरुवातीचे दिवस औषधांचे. पुढचे दिवस व्यायाम, योगासने, गटात बोलणे, समुपदेशकासमोर एकट्याने बोलणे, झाडलोट, स्वयंपाकात मदत, गाणी आणि व्याख्याने यांचे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे तिथे कार्यकर्ते झाली. नव्याने आलेल्याला ‘मला काय माहीत नाही असे समजू नकोस’ हे डॉक्टरापेक्षा जास्त अधिकाराने सांगू शकणारी ही माणसे होती.

औषध आणि बोलणे यांची ही सांगड आज साधी गोष्ट वाटते. जगात मात्र या दोन वाटा बराच काळ एकमेकींकडे पाठ करून चालल्या होत्या.

बोलण्याची वाट १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झाली. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद, दोघेही दारूने पोळलेले. एका दारुड्याने दुसऱ्याशी बोलत राहिले तर दोघेही कोरडे राहू शकतात, या अनुभवातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. आज मराठीतूनही तिच्या बैठका भरतात. मुंबईत बांद्र्याच्या चर्चमध्ये १९८१ साली फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले होते. त्यांनी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या पद्धतीला अय्यंगार योगाची जोड दिली.

गोळीची वाट कोपनहेगनच्या एका औषध कंपनीतून निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे संशोधक डायसल्फिराम नावाच्या रसायनाचा पोटातल्या जंतांवर उपयोग होतो का, हे तपासत होते. हे रसायन रबराच्या कारखान्यांत वापरले जाई, आणि तिथल्या कामगारांना दारू सोसत नाही हे एका अमेरिकी डॉक्टरने १९३७ मध्येच नोंदवले होते. दोघा डॅनिश संशोधकांनी गोळ्या स्वतः घेऊन पाहिल्या आणि नंतर थोडे मद्य घेतल्यावर चेहरा लालबुंद, छातीत धडधड, मळमळ अशी गत झाली. १९४८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दारू शरीरात गेली की तिचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होते आणि मग ते पुढे मोडते. डायसल्फिराम ही दुसरी पायरीच अडवते. विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साठत जाते आणि पिणाऱ्याला घोटभर दारूही महागात पडते. ‘अँटाब्यूज’ या नावाने हे औषध जगभर पसरले. सुरुवातीच्या उत्साहात मोठे डोस दिले गेले आणि काही जण दगावलेही. नंतर डोस कमी झाले, यकृत आणि हृदय तपासल्याशिवाय गोळी द्यायची नाही असा दंडक आला.

अफूजन्य व्यसनांसाठीची गोळी न्यू यॉर्कमध्ये आकाराला आली. रॉकफेलर संस्थेतले व्हिन्सेंट डोल आणि मनोविकारतज्ज्ञ मेरी नायस्वांडर यांनी १९६५ मध्ये २२ हेरॉइन व्यसनींवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. रोज ठरावीक मात्रेत मेथाडोन हे अफूच्याच जातीचे औषध दिले की तलफ शमते, टर्की लागत नाही, आणि माणूस कामावर जाऊ शकतो. याला विरोध झाला. एक व्यसन काढून दुसरे लावले, असे आरोप झाले. हेच डोल पुढे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे विश्वस्तही झाले. स्वतः बिल विल्सनने, दारूसाठीही असे एखादे औषध शोधा, असे आपल्याला सांगितले होते, ही आठवण त्यांनी नंतर लिहून ठेवली. दोन वाटांच्या मधली भिंत अनुयायांनी जितकी उंच केली, तितकी ती आरंभ करणाऱ्यांच्या मनात नसावी.

मुक्तांगणमध्ये आरंभी गर्दवाले जास्त होते. वर्षे गेली तशी दारूवाल्यांची संख्या वाढली आणि त्यांच्यासोबत वेगळी वैद्यकीय जोखीम आली. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भिंतीवर साप-विंचू दिसू लागतात. ही अवस्था जिवावर बेतू शकते. अशा वेळी मनाचा निर्धार पुरत नाही. मेंदू शांत करणारी औषधे मोजून-मापून द्यावी लागतात आणि बी-१ जीवनसत्त्वही द्यावे लागते, नाहीतर स्मरणशक्तीवर कायमचा घाला पडू शकतो. ‘उद्यापासून बंद’ म्हणून घरीच दारू तोडणाऱ्या जुन्या पिणाऱ्यांना इस्पितळात हलवावे लागते ते यामुळेच.

सुनंदा अवचटांचे १९९७ मध्ये कर्करोगाने निधन झाले. आजारपणातही त्या काम करत राहिल्या होत्या. पुढे त्यांची कन्या, मानसशास्त्रज्ञ मुक्ता पुणतांबेकर यांनी केंद्राची धुरा घेतली. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालला, येरवड्यातच मोहनवाडी भागात स्वतःची इमारत झाली आणि २००९ मध्ये ‘निशिगंध’ हे स्त्रियांसाठीचे केंद्र सुरू झाले. पस्तीस दिवसांनंतरचा पाठपुरावा हा या कामाचा कणा ठरला. व्यसनमुक्तीची वर्षे वाढदिवसासारखी साजरी होतात, आणि त्या सोहळ्यात पत्नीचाही मान असतो. अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले.

घरच्या माणसाचे मोल किती, हे मुंबईतल्या एका अभ्यासाने आकड्यांत दाखवले. मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅलन डिसूझा आणि अविनाश डिसूझा यांनी दारूवर अवलंबून असलेल्या १०० पुरुषांना दोन गटांत विभागले. एका गटाला डायसल्फिराम, दुसऱ्याला नाल्ट्रेक्सोन. नाल्ट्रेक्सोन दारूची मजाच कमी करते. प्यायल्यावर मेंदूत जो सुखाचा झोत येतो, तो ते अडवते. दोन्ही गटांतल्या पुरुषांना घरचा आधार होता आणि गोळी नेमाने घेतली जाते की नाही यावर घरचेच माणूस लक्ष ठेवत होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर डायसल्फिराम गटातले ८६ टक्के पुरुष दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्सोन गटातले ४४ टक्के. तलफ मात्र नाल्ट्रेक्सोनवाल्यांची जास्त कमी झाली होती.

पाश्चात्त्य देशांत डायसल्फिरामची कीर्ती तोवर मावळू लागली होती, कारण एकटा राहणारा रुग्ण सकाळी गोळी घ्यायची टाळतो आणि संध्याकाळी पितो. मुंबईत तीच गोळी बायको, आई किंवा भाऊ समोर उभे राहून देत होते. रसायन तेच, पण हात वेगळा. या अभ्यासाला मर्यादाही आहेत. कोणती गोळी चालू आहे हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होते, आणि ज्याला सांभाळणारे घरच नाही असा माणूस त्यात नव्हता. तरीही पुढच्या वर्षी डिसूझांनी डायसल्फिरामची तुलना अकॅम्प्रोसेट या तिसऱ्या औषधाशी केली, तेव्हाही चित्र साधारण तसेच निघाले.

अमेरिकेत २००६ मध्ये १,३८३ जणांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नियमित वैद्यकीय भेटींसोबत नाल्ट्रेक्सोन किंवा समुपदेशन यांपैकी काहीही दिले तरी फायदा दिसला. अकॅम्प्रोसेट तिथे फिके पडले. त्या ‘वैद्यकीय भेटी’ म्हणजेसुद्धा गोळ्या देऊन बोळवण नव्हती. कसे चाललेय, गोळी का चुकली, घरी काय झाले, ही विचारपूस त्यात होती.

मग डॉक्टर आणि समुपदेशक दोन्ही दुर्मीळ असतील तिथे काय? याचे एक उत्तर गोव्यात शोधले गेले. ‘संगत’ या संस्थेने अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण दिले. त्यांनी धोकादायक पातळीवर पिणाऱ्या पुरुषांशी चारपर्यंत भेटींत बोलायचे, केंद्रावर किंवा घरी जाऊन. अभ्यासात ३७७ पुरुष होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २६ टक्के. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले पहिल्या गटात ४२ टक्के होते आणि दुसऱ्यात १८. जे पीत राहिले त्यांचे रोजचे प्रमाण मात्र कमी झाले नाही. दारूवर पुरते अवलंबून असलेल्या माणसांना या प्रयोगात घेतलेच नव्हते. त्यांना बोलण्याबरोबर औषधही लागणार, हे संशोधकांनी गृहीत धरले होते. २०१६ च्या डिसेंबरात हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले.

मुंबईत गर्द सुईने टोचून घेणाऱ्यांपुढे प्रश्न आणखी तातडीचा होता, कारण एकाच सुईतून एचआयव्ही पसरत होता. ‘संकल्प’सारख्या संस्थांनी रस्त्यावरच्या माणसांना ब्यूप्रेनॉर्फिन या अफूवर्गीय औषधाची जिभेखाली विरघळणारी गोळी द्यायला सुरुवात केली. २००७ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा तिसरा टप्पा सुरू झाला आणि ही उपचारपद्धती सरकारी धोरणात आली. गोळी कर्मचाऱ्यासमोर विरघळवायची, रोज यायचे, आणि आल्यावर दोन शब्द बोलायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली होती. दारूसाठीची नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे त्या यादीत यायला २०२३ साल उजाडले.

येरवडा आणि बांद्रा यांपासून या सगळ्या इतिहासाला शिरड शहापूरला पोचायला बराच लांबचा प्रवास करावा लागतो. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव भगवान मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळे दूरवर ओळखले जाते. भोवतीचा टापू हळदीचा. जवळच्या वसमत आणि हिंगोलीच्या बाजारांत हळदीची पोती थप्प्या लावून उभी असतात. दारूचा प्रश्न इथे नवा नाही. निजामाच्या राज्यात शिंदीच्या आणि मोहाच्या दारूवरचे उत्पन्न हा सरकारी तिजोरीचा मोठा आधार होता. १९४७ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या सत्याग्रहात शिंदीची झाडे तोडणे हा कार्यक्रमच होता, तो या उत्पन्नावर घाव घालण्यासाठी. हैदराबाद १९४८ मध्ये भारतात आले, मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा जिल्हा झाला. झाडे तुटली, पण बाटली आली.

या भागात दारू सोडण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे तुळशीची माळ. पंढरीची वारी धरायची, माळ घालायची आणि दारू-मटण बंद. माळ घातलेल्याला गावात कोणी आग्रह करत नाही, एकादशी आणि भजनाची संध्याकाळ मिळते, दिंडीत सोबती मिळतात. समूहाचा आधार, नवी ओळख, भरलेला रिकामा वेळ, ही तीन सूत्रे आधुनिक समुपदेशनातही आहेत. माळेने अनेकांची दारू सुटली आहे. पण वीस वर्षे रोज पिणाऱ्याने माळ घातल्याच्या तिसऱ्या रात्री त्याला फिट आली, तर वारकरी सोबत्यांनी त्याला इस्पितळातच न्यायला हवे.

दुसरे साधन फसवे आहे. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि मोबाइलवर सर्रास दिसतात. कंटाळलेली बायको ती पावडर चहात किंवा भाजीत कालवते. तिच्यात नेमके काय आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. त्यात डायसल्फिरामसारखे काही असेल, तर नकळत गोळी पोटात असलेला नवरा संध्याकाळी दारू पितो आणि रक्तदाब कोसळून अत्यवस्थ होऊ शकतो. मुंबईतल्या अभ्यासातही गोळी घरच्यांनीच दिली होती, पण घेणाऱ्याला ती कशाची आहे हे माहीत होते आणि त्याने ती मान्य केली होती. औषध सारखे असले तरी संमती काढून घेतली की ते उपचार राहत नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने रुग्णाला न सांगता डायसल्फिराम देणे निषिद्धच आहे.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळाला होता, आणि रुग्णालयात राहून उपचार मिळाले ते दर १८० मागे एकाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजारांच्या व्याख्येत घेतल्या. त्यामुळे व्यसनी माणूसही या कायद्याच्या नजरेत रुग्ण ठरू शकला. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आता सुरू आहेत. टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू झाले. हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. नांदेडला ते काही दशकांपासून आहे, परभणीत अलीकडे आले.

शिरड शहापूरच्या माणसासाठी आता पुणे गाठणे हाच एक पर्याय उरलेला नाही. मुक्तांगण, डिसूझांचा अभ्यास आणि गोव्यातले ‘संगत’चे काम एकत्र मांडले तर इथला उपचार कसा चालेल, हेही दिसते. दारू तोडण्याचे पहिले धोक्याचे दिवस हिंगोलीला किंवा नांदेडला डॉक्टरांच्या नजरेखाली काढायचे. यकृत तपासून, रुग्णाशी बोलून, त्याच्या होकारानेच गोळी ठरवायची. पुढचे महिने ती सकाळच्या चहाबरोबर घरच्याच माणसाने समोर द्यायची. आठवड्यातून एकदा गावातल्याच, पण शिकवून तयार केलेल्या व्यक्तीशी अर्धा तास बोलायचे. एखादा घसरला, तर त्याला हाकलून न देता पुन्हा त्याच आठवड्याच्या भेटीला बोलवायचे. गोव्यात हे बोलणे पदवीधर तज्ज्ञांशिवाय जमले, मुंबईत गोळी देण्याचे काम बायकांनी, आयांनी आणि भावांनी केले. हिंगोली जिल्ह्यात गावोगाव आशा कार्यकर्त्या आहेत, भजनी मंडळे आहेत, आणि जवळच वैद्यकीय महाविद्यालयही आले आहे.